मावशीच्या बोक्याची झोप

३ फेब्रुवारी

चि. ठोंब्या,

तुला आशीर्वाद आणि तुझ्या उंदरांना सहानुभूती. तुझी आई फोनवर सांगत होती की तू आता मोठ्या प्रयोगशाळेत लागलायस आणि तिथे दिवसभर उंदरांना झोपू देत नाहीस. हे ती अभिमानानं सांगत होती की काळजीनं, ते काही मला कळलं नाही. लहानपणी दुपारी तू स्वतः झोपायचा नाहीस आणि दुसऱ्या कुणाला झोपू द्यायचा नाहीस. तेव्हा काम अंगच्या गुणांना धरूनच मिळालं म्हणायचं.

पत्राचं कारण वेगळंच आहे. आमच्याकडे एक बोका आहे. तुला माहीत नसेल. बराच जुना आहे. तब्येत धडधाकट, खाणंपिणं व्यवस्थित, पण अलीकडे विसरायला लागलाय. बाहेर जातो आणि परत येताना खालच्या मजल्यावरच्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. परवा फ्रिजमध्ये बूट सापडला, म्हणजे त्यानंच ओढत नेला असणार. कधीकधी अर्धीच दाढी करून बाहेर येतो. दाढी म्हणजे अंग चाटणं. अर्धंच अंग चाटतो आणि उरलेलं विसरतो.

रात्री डोळे टक्क उघडे ठेवून पडलेला असतो. दिवसा जागा मिळेल तिथे पेंगतो. उभ्या आयुष्यात रात्री कधी घरी नसायचा. आता वय झालं म्हणून असतो.

तर मला एवढंच सांग. झोप नसली की विसरायला होतं, की विसरायला लागलं की झोप जाते? आणि गेलेलं परत येतं का?

फोनवर हे बोलता येत नाही. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि तिथेच तो दिवसभर पसरलेला असतो. त्याला सगळं ऐकू जातं.

काका बरे आहेत. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तुझी मावशी

९ फेब्रुवारी

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. माझ्या कामात रस घेणारी घराण्यातली तू पहिलीच. आई अजून सगळ्यांना सांगते की मी औषधाच्या दुकानात आहे.

आमचं काम असं. एका गोल हौदात गढूळ पाणी असतं आणि पाण्याखाली एक छोटासा ओटा दडवलेला असतो. उंदराला पाण्यात सोडायचं. तो पोहत पोहत ओटा शोधतो आणि वर चढून बसतो. चार वेळा केलं की जागा त्याच्या लक्षात राहते. मग अर्ध्या उंदरांना आम्ही झोपू देतो आणि अर्ध्यांना नाही. दुसऱ्या दिवशी झोपलेले सरळ ओट्याकडे जातात. जागलेले मात्र गोल गोल फिरत बसतात, लग्नात आपली मंडळी कुठल्या खोलीत उतरलीत ते विसरलेल्या पाहुण्यासारखे. एक तर आमच्या बाईंच्या बाहीवर चढून बसला. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. त्यांनी त्याची नोंद 'ओटा सापडला' अशी करू दिली नाही.

म्हणजे झोप गेली की आठवण जाते, हे नक्की. तुझा बोका दिवसा झोपतो म्हणूनच रात्री जागा राहतो. त्याची दिवसाची झोप मोड. मारायचं नाही, ओरडायचं नाही. आमची पद्धत साधी आहे. डोळा मिटायला लागला की पिंजऱ्यावर टिचकी मारायची. तेवढ्यानं भागलं नाही तर खालचा भुसा हलवायचा. तरी भागलं नाही तर समोर एखादी नवी वस्तू ठेवायची. नवी वस्तू दिसली की कुठलाही प्राणी जागा होतो. आमच्याकडच्या वस्तू संपल्यात, म्हणून सगळे घरून आणतात. काल बाईंनी त्यांच्या वडिलांची जुनी कवळी आणली होती. उंदीर तर जागे राहिलेच, आम्हीही राहिलो.

काकांना नमस्कार.

तुझा ठोंब्या

२६ फेब्रुवारी

चि. ठोंब्या,

तुझी पद्धत लगेच सुरू केली. टिचकी खुर्चीच्या पाठीवर मारते. भुसा आमच्याकडे नाही, म्हणून अंगाखालची उशी हलवते. पण खरा गुण नव्या वस्तूंचा. पहिल्या दिवशी समोर पृथ्वीचा गोल ठेवला. तो अर्धा तास नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी छत्री ठेवली, तर ती उघडून बसला. मग शिडी, वजनकाटा, खालच्यांचा तबला. तबला ठेवल्यावर म्हणाला, "हे काय आहे?" म्हणजे तसा चेहरा केला.

दिवसाची झोप मोडली रे, पण रात्रीची काही आली नाही. आता तो कधीच झोपत नाही. डोळे लाल झालेत. पोस्टमनला त्यानं माझ्या नावानं हाक मारली, म्हणजे त्या सुरात ओरडला. काल स्वयंपाकघराच्या दारात आला आणि उभाच राहिला. कशाला आला होता ते आठवेना. मी पाण्याचा पेला पुढे केला तर इतक्या उपकृत नजरेनं बघितलं की मी आणखी एक पेला भरून आणला.

एक विचारते. तुमच्याकडे असे जे होतात, ज्यांना काही जमेनासं होतं, त्यांचं पुढे तुम्ही काय करता?

मावशी

४ मार्च

ती. मावशीस,

छत्री उघडणाऱ्या मांजराबद्दल मी बाईंना सांगितलं. त्यांनी त्याचं वजन, रंग आणि एक फोटो मागितलाय. त्या म्हणाल्या की तबल्याकडे बघून असा चेहरा करणारं जनावर त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे, पण विचारलंस म्हणून सांगतो. प्रयोग संपला की आम्ही त्यांना कायमचं झोपवतो. दुखत नाही. तुझा बोकाही आता म्हातारा झालाय. तुमच्या भागात जनावरांचा चांगला डॉक्टर असेल. एक सुई, की संपलं. काका त्याला धरून बसतील. तू त्याच्यासाठी पुष्कळ केलंस, मनाला लावून घेऊ नकोस. काही दिवस घर रिकामं वाटेल. मग एखादा तरुण आण. तरुण असला की घरात जिवंतपणा येतो, आणि त्याला वळणही लावता येतं.

घाईत आहे. हल्ली उंदरांना जागं ठेवायला मलाही जागावं लागतं. आज सकाळी मी जिन्याला "आत येऊ का?" असं विचारलं.

तुझा ठोंब्या

८ मार्च

ठोंब्या,

आशीर्वाद लिहिणार नाही.

सुई! आणि काका धरून बसतील! काय लिहितोस ते कळतं का तुला? तो आमच्या घरात आल्यापासून त्यानं मला एका शब्दानं दुखावलं नाही. आजारपणात माझे पाय चेपले. तरुण आण म्हणे. या वयात मी तरुण कुठून आणू? आणि आणला तर त्याला ठेवू कुठे? घरात कपाट एकच आहे.

तुझ्या बाईंना सांग, फोटो मिळणार नाही.

मावशी

९ मार्च

चि. भाच्यास,

तुझ्या मावशीच्या यजमानांचा आशीर्वाद. आपला पत्रव्यवहार कधी झाला नाही. लग्नाकार्यात दोन-चार वेळा भेट झाली असेल. त्यामुळे आधी ओळख करून देतो. मी बोका.

आमच्याकडे मांजर नाही. कधी नव्हतं. तिला मांजराच्या केसांनी शिंका येतात.

तुझी पत्रं साखरेच्या डब्यात होती. मी साखर शोधत नव्हतो, काय शोधत होतो ते आठवत नाही. पण वाचल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. गेले काही दिवस मी डोळा मिटला की खुर्ची वाजते. डोळा उघडला की समोर शिडी. मला वाटलं घराला रंग द्यायचाय. परवापासून मात्र सगळं बदललं. जेवताना ती माझ्या ताटात वाढतच राहते. मध्येच माझा हात धरते आणि विचारते, "तुम्हाला काही त्रास होतोय का हो? खरं सांगा." मी म्हटलं, "काही नाही गं, नुसती झोप येतेय." तर हमसून हमसून रडायला लागली. त्याचं कारण तुझ्या चार तारखेच्या पत्रात सापडलं.

तुझ्यावर राग नाही. खरोखरचा बोका असता तर मीही तेच सुचवलं असतं.

आता खरं काय ते लिहितो. मी निवृत्त होईपर्यंत शहराच्या पंपघरात रात्रपाळीला होतो. दिवसा झोपायचो. ती दिवसभर घर मुकं ठेवायची. भांडी फडक्यावर ठेवायची, दारावरच्या विक्रेत्यांना जिन्यातच गाठून परत पाठवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रोज रात्री आम्ही एका छताखाली झोपतोय ते आता पहिल्यांदाच. आणि ती घोरते. घोरण्याचं मला काही नाही. मोठमोठ्या मोटरींच्या शेजारी बसून माझं आयुष्य गेलं. पण तिचं घोरणं मध्येच बंद पडतं. श्वासच बंद पडतो. मी उठून बसतो आणि वाट बघतो. मग ती एक मोठा आवंढा गिळते आणि पुन्हा सुरू होते. असं रात्रभर. सुरू असलेलं मशीन बंद पडलं तर झोपून राहायची मला सवय नाही, आणि हे तर मशीनही नव्हे.

तिला सांगू कसं? नव्या नवलाईच्या दिवसांत सुट्टीच्या रात्री मी एकदा घोरण्यावरून गंमत केली होती, तर ती बहिणीकडे, म्हणजे तुझ्या आईकडे, निघून गेली होती. डॉक्टरचं नाव काढलं तरी "मला काय धाड भरलीय?" म्हणते.

आणि एक. तिनं तुला लिहिलंच असेल, पण फ्रिजमधला बूट मी ठेवला नव्हता, तिनं ठेवला होता. दूध पायपुसण्यापाशी होतं. मी म्हटलं, मीच केलं असेन. विसरणारा घरात एकच असलेला बरा.

तू शिकलेला आहेस. काहीतरी सुचव. पण मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नकोस. मला बोक्याचं कळलंय असं तिला समजलं तर ती लाजेनं घर सोडेल.

काका

१३ मार्च

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र वाचल्यापासून मी प्रयोगशाळेत कुणाच्या नजरेला नजर देऊ शकत नाही, उंदरांच्याही नाही. सुईबद्दल आणि तरुणाबद्दल जे लिहिलं ते कृपा करून माझ्या जागरणाच्या खाती घाला.

मावशीला तातडीनं घशाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. श्वास थांबणं चांगलं नाही. ती स्वतःसाठी जाणार नाही हे मलाही कळतं. म्हणून सोबतच तिला वेगळं पत्र टाकतोय. त्यात बोका तसाच ठेवलाय.

दिवसा झोपा. खुर्ची वाजणार नाही अशी व्यवस्था केली आहे.

ठोंब्या

१३ मार्च

ती. मावशीस,

तुझा राग रास्त आहे. सुईचं मागे घेतो.

बाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, पद्धत ताबडतोब थांबवा. बोक्याला दिवसा वाट्टेल तितकं झोपू द्या. आणि रात्री तो का जागतो याचं कारणही त्यांनी शोधलं. बोके फार इमानी असतात. खोलीत झोपलेल्या माणसाचा श्वास ते ऐकत असतात. श्वास एकसारखा चालला असेल तर निर्धास्त झोपतात, मध्येच अडकला तर दचकून उठतात आणि राखण करत बसतात. म्हणून अशा वेळी बोक्याला तपासून उपयोग नसतो. मालकिणीचा घसा तपासावा लागतो.

हे शास्त्र आहे, मी माझ्या मनाचं काही घातलेलं नाही.

तुझा ठोंब्या

२० मार्च

चि. ठोंब्या,

असलं शास्त्र मी जन्मात ऐकलं नाही. बोका झोपत नाही म्हणून माझा घसा! उद्या उंदीर शिंकला तर तुझ्या आईचे गुडघे तपासशील. मी घोरत नाही. एवढी वर्षं झोपते आहे, घोरले असते तर मला ऐकू नसतं का आलं?

पण ऐक. परवा त्याला माझं नाव पटकन आठवेना. माझ्याकडे बघून हसला, तोंड उघडलं आणि थांबला. मीही हसले. म्हटलं, असू दे. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. बादली वाहून गेली तरी बाहेर येववेना. माझं काय व्हायचं ते होवो, पण त्यानं माझ्याकडे असं अनोळख्यासारखं बघावं, ते मला झेपायचं नाही.

तेव्हा जाते. बोक्यासाठी जाते, तुझ्या बाईंसाठी नाही. काकांना सोबत नेते, ते रिकामेच असतात.

मावशी

२ एप्रिल

चि. भाच्यास,

गेलो. जसं घडलं तसं सांगतो.

डॉक्टर तरुण होते, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

ती म्हणाली, "माझ्या बोक्याला झोप येत नाही."

डॉक्टर म्हणाले, "बाई, मी कान-नाक-घशाचा आहे."

"म्हणूनच आले. घसा माझा आहे."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "आणि बोका कुणाचा?"

"तोही माझाच."

"बरं. बोक्याची तक्रार काय आहे?"

भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं, ती त्याच्याकडे बघत बसली. मग मीच घसा साफ केला आणि म्हणालो, "बोक्याचं म्हणणं असं की, हिचा श्वास रात्रीतून कितीतरी वेळा थांबतो. बोका घाबरतो. त्याला वाटतं, आपण झोपलो आणि तेवढ्यात तिचा श्वास पुन्हा सुरूच झाला नाही तर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी मात्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता विचारलं, "बोक्यानं हे आधी का नाही सांगितलं?"

मी म्हणालो, "बोका पुष्कळ वर्षं रात्री घरी नव्हता."

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. उतरताना म्हणाली, "तुम्ही माझी पत्रं वाचता?"

म्हटलं, "मी कुठला वाचतोय. बोका वाचत असेल."

ती जिन्यातच बसली आणि हसायला लागली. खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून बघितलं. त्यांना वाटलं मीच, दार चुकून आलोय.

नंतर तिला एक रात्र दवाखान्यात ठेवून, डोक्याला वायरी लावून झोपवलं. सकाळी कळलं की ती झोपतच नाही. डोळे मिटलेले असतात, पण श्वास अडकला की आतून जागी होते, आणि हे तिला स्वतःलाही ठाऊक नसतं. बूट फ्रिजमध्ये जायला वेळ तो कितीसा? तुझ्या उंदरांनी निदान टिचकी तरी ऐकलेली असते.

आता एक यंत्र दिलंय. नाकावर बसवायचं, ते हवा ढकलतं. ती म्हणते, या थोबाडानं मी झोपायचं की विमान चालवायचं? मला यंत्र उघडून बघायचं होतं, पण दुकानदारानं सक्त मनाई केली.

काका

२१ एप्रिल

ती. मावशीस,

यंत्राची सवय झाली का? आणि बोका कसा आहे?

इथे एक घोटाळा झाला. मी उंदरांना जागवता जागवता खुर्चीतच झोपलो. टिचकी मारायला कुणी नाही म्हटल्यावर उंदीरही झोपले. बाई आल्या तेव्हा आम्ही सगळे झोपलेले होतो. दुसऱ्या दिवशी त्या उंदरांना हौदात सोडलं तर एकेक सरळ ओट्यावर जाऊन बसला. बाईंनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला आणि आता ती तुकडी अहवालात कुठे घालायची यावर रोज बैठक होते. मला मात्र तिथे बोलावत नाहीत. मला हौद धुवायला ठेवलंय. झोप चांगली लागते.

तुझा ठोंब्या

१२ मे

चि. ठोंब्या,

तुला आशीर्वाद, पूर्वीचे राहिलेले धरून.

बोका आम्ही देऊन टाकला. कुणाला ते विचारू नकोस.

आता काकांबद्दल लिहिते. परवाची गोष्ट. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. मीटर बघायला माणूस आला, त्यानं दार ठोठावलं. खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या, त्यांनी फोन लावला. तो आत वाजतोय आणि उचलत कुणी नाही. म्हातारी माणसं, दोघंच राहतात, म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात एकच. कुणी रडायला लागलं. कुणी म्हणे पोलीस बोलवा. शेवटी मीटरवाल्यानं आणि दूधवाल्यानं खांदे लावून दार पाडलं. पाडलं म्हणजे कडीकोयंड्यासकट आडवंच केलं.

मी हे सगळं ऐकीव सांगतेय. मला जाग आलीच नाही.

सगळे झोपायच्या खोलीत घुसले. मी तोंडावर यंत्र लावून पडलेली. ते बघून खालच्या बाईंनी जी किंकाळी फोडली, तिनं म्हणे काका उठले. उठले आणि बघतात तर पलंगाभोवती आठ-दहा माणसं. दूधवाल्याच्या हातात किटली. मीटरवाल्यानं खात्री करायला विचारलं, "आजोबा, तुम्ही ठीक आहात ना? या कोण, ओळखता का?"

काका म्हणाले, "माझी बायको आहे." आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. मग ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पण हळू बोला. ती झोपलीय."

खालच्या बाई सांगत होत्या, त्यानंतर कुणाच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. पडलेलं दार चौघांनी अलगद उचलून भिंतीला टेकवलं. दूधवाल्यानं किटलीचं झाकण वाजू नये म्हणून पोटाशी धरलं. आणि सगळेच्या सगळे चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत जिना उतरले. काका पुन्हा माझ्या शेजारी आडवे झाले.

मी उठले तेव्हा ऊन पलंगापर्यंत आलं होतं आणि घराला दार नव्हतं. मी त्यांना उठवलं नाही. चहा केला आणि उंबऱ्यात बसून प्यायले. जिन्यातून येणारे-जाणारे मला बघून हळूच पाय टाकत होते.

सुतार म्हणतो, चौकटच नवी करावी लागेल, चार-पाच दिवस जातील. तोवर घर उघडंच आहे. हौद धुऊन झाला की ये.

तुझी मावशी